कोणते साम्य नात्याचे? प्राण्यांची वंशावळ मांडण्याची रीत

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर सकाळी होड्या लागल्या की टोपलीला टोपली लागून बसते. एकीत बांगडा, दुसरीत मुशी म्हणजे शार्क, पलीकडे माकूल, कोळंबी, कुर्ल्या आणि तिसऱ्या नावाचे शिंपले. विकणाऱ्या मावशींच्या भाषेत ही सगळी ‘मासळी’ असते, आणि बाजाराच्या दृष्टीने हे वर्गीकरण चोख आहे, कारण सगळे समुद्रातून येते आणि सगळे दुपारच्या आत विकावे लागते. नात्याच्या दृष्टीने मात्र ही टोपली पार विस्कटलेली आहे. कोळंबी बांगड्यापेक्षा स्वयंपाकघरातल्या झुरळाला जवळची आहे, माकूल तिसरीच्या घराण्यातली आहे, आणि बांगडा शेजारच्या मुशीपेक्षा त्याला विकत घेणाऱ्या माणसाला अधिक जवळचा आहे. हे शेवटचे वाक्य वर्गात सांगितले की मुले हसतात. ते का खरे आहे, आणि अशा निष्कर्षापर्यंत जीवशास्त्रज्ञ कोणत्या क्रमाने पोहोचतात, ते या लेखात आपल्या किनाऱ्यावरचे आठ प्राणी घेऊन दाखवणार आहे. कागद, पेन्सिल आणि दोन-तीन संध्याकाळी एवढे भांडवल पुरते.

आधी एक मुद्दा पक्का करू, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. गावात वारसनोंदीसाठी वंशावळ लिहिताना आपण केवळ साम्य मोजत नाही. दोन घरांत मासे-भात खाल्ला जातो म्हणून ती भाऊबंद ठरत नाहीत. ती चाल साऱ्या गावाची आणि फार जुनी आहे. दोघांचे आडनाव पाटील आहे म्हणूनही ठरत नाहीत. पाटीलकी अनेक गावांत अनेक घराण्यांकडे स्वतंत्रपणे आली आणि आडनाव तिच्यामागून आले. पण एखाद्या पणजोबांनी खालच्या वाडीत येऊन नवे घर बांधले आणि तेव्हापासून त्यांच्याच वंशाला ‘खालचे’ म्हणू लागले असतील, तर ते नाव धरून आपण थेट मूळपुरुषापर्यंत जाऊ शकतो. प्राण्यांतही साम्ये याच तीन प्रकारची असतात. काही फार जुनी आणि सर्वांची, काही वेगवेगळ्या घराण्यांत स्वतंत्रपणे आलेली, आणि काही एकाच पूर्वजात नव्याने उपजून त्याच्याच वंशात उतरलेली. नाते फक्त तिसऱ्या प्रकारातून सिद्ध होते. हा विचार शिस्तीत मांडण्याचे श्रेय जर्मन कीटकशास्त्रज्ञ विली हेनिग यांचे. माश्या-डासांच्या वर्गीकरणावर काम करणाऱ्या या गृहस्थांनी १९५० मध्ये आपली पद्धत ग्रंथरूपाने मांडली, आणि १९६६ मध्ये ती इंग्रजीत आल्यावर जगभर पसरली.

पहिली पायरी: प्राणी आणि प्रश्न निवडणे

आपले आठ प्राणी असे: मुशी, बांगडा, बेडूक, घोरपड, मगर, घार, डॉल्फिन आणि वटवाघूळ. सगळे कोकणात भेटतात. मगरी वाशिष्ठीत आहेत, डॉल्फिन किनाऱ्यावरून दिसतात आणि घार तर बंदरावरच घिरट्या घालत असते. प्रश्नही ठरवून घ्यावा, नाहीतर गुणधर्म गोळा करण्याला अंत राहत नाही. आपला प्रश्न हा की घार कोणाच्या जवळची? तिच्यासारख्याच उष्ण रक्ताच्या डॉल्फिन-वटवाघळाच्या, की नदीकाठी उन्हात पडलेल्या मगरीच्या?

एक सूचना इथेच द्यायला हवी. घोरपड, मगर आणि डॉल्फिन यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाचे कडक संरक्षण आहे. त्यांना पकडणे तर दूरच, त्यांची हाडे घरी आणून ठेवणेही गुन्हा ठरतो. त्यांच्यासाठी छायाचित्रे, पुस्तकांतील आकृत्या आणि संग्रहालये वापरावीत. रत्नागिरीच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्रातला देवमाशाचा सांगाडा एकदा तरी निवांत पाहावा. बांगडा मात्र बाजारातून आणा, आणि चिरण्यापूर्वी अर्धा तास तो आपला समजा.

दुसरी पायरी: गुणधर्म हाताने तपासणे

बांगडा डाव्या हातात धरून डोळ्यामागचे कडक झाकण अंगठ्याने उचलावे. त्याखाली लालभडक कल्ल्यांचे झुपके दिसतात, आणि झाकण सोडले की सगळे पुन्हा बंद. मुशीला असे झाकण नसते; डोक्याच्या बाजूला पाच उभ्या चिरा उघड्याच दिसतात. तिच्या अंगावरून शेपटीकडे हात फिरवला तर तो सरकतो, उलट डोक्याकडे फिरवला तर पॉलिश पेपरवर घासल्यासारखा अडतो, कारण तिचे खवले दातांच्या घडणीचे असून सगळे एकाच दिशेला झुकलेले असतात. कापताना आणखी एक फरक कळतो. एकदा मी मुशीच्या कण्याविषयी विचारले, तेव्हा मावशींनी हातातला तुकडाच पुढे केला आणि म्हणाल्या, “मास्तर, हिला हाड नाय, नुसतं कुरकुरीत.” कूर्चा या शब्दाची यापेक्षा सोपी व्याख्या मला आजवर पाठ्यपुस्तकात सापडलेली नाही.

गुणधर्म नोंदवताना तो ‘आहे किंवा नाही’ अशा स्पष्ट प्रश्नात मांडता यावा. ‘मोठा’, ‘चपळ’, ‘सुंदर’ हे उपयोगाचे नाहीत. गुणधर्म एकमेकांपासून स्वतंत्रही असावेत. पंख, पंखांची पिसे आणि उडणे असे तीन रकाने केले तर एकाच गोष्टीला तीन मते दिल्यासारखे होते. आणि जो गुणधर्म सगळ्यांत आहे किंवा एकाच प्राण्यात आहे, तो खरा असूनही गट पाडायला निरुपयोगी असतो. मुशी वगळता आपल्या सातही प्राण्यांचा सांगाडा हाडांचा आहे. त्यामुळे त्या सातांच्या आपसातल्या नात्याविषयी हाड काही सांगत नाही. म्हणून ते आपण तक्त्यात घेणार नाही.

तिसरी पायरी: साम्य खरे की वरवरचे?

कामाचा निम्मा वेळ इथे जातो, आणि जायलाच हवा. इंग्रज शरीररचनाशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी १८४३ मध्ये फरक स्पष्ट केला तो असा: आकार आणि काम कितीही बदलले तरी जो अवयव मुळात तोच आहे त्याचे साम्य वेगळे, आणि केवळ काम सारखे म्हणून दिसणारे साम्य वेगळे. मराठीत पहिल्याला रचनासादृश्य आणि दुसऱ्याला कार्यसादृश्य म्हणतात. ओवेन यांनी हे उत्क्रांतीचा आधार न घेता सांगितले होते. पूर्वजाकडून आलेला वारसा हे त्याचे कारण पुढे डार्विन यांच्यामुळे कळले.

तपासणीच्या तीन कसोट्या आहेत. अवयव शरीरात त्याच जागी, त्याच शेजाऱ्यांमध्ये आहे का? त्याची आतली रचना बारकाव्यांसह जुळते का? आणि गर्भात तो त्याच मुळापासून वाढतो का? घारीचा आणि वटवाघळाचा पंख या कसोट्यांवर घासून पाहावा. खांद्यापासून मनगटापर्यंत हाडांचा क्रम दोघांत तोच आहे: आधी एक हाड, मग दोन, मग मनगटाची लहान हाडे. म्हणजे हात म्हणून ते समान आहेत. पण पंख म्हणून पाहिले तर घारीच्या हाताची बोटे कमी होऊन हाडे जोडली गेली आहेत आणि हवा धरतात ती पिसे. वटवाघळात मात्र चार बोटे छत्रीच्या काड्यांसारखी लांबली असून त्यांवर कातडी ताणलेली आहे आणि अंगठा आकडीसारखा मोकळा राहिला आहे. म्हणून तक्त्यात ‘बोटांचे चार पाय’ हा रकाना येईल, ‘पंख’ येणार नाही. डॉल्फिनच्या वल्ह्यातही कातडीखाली तीच हाडे, तीच बोटे आहेत. मागचे पाय बाहेर दिसत नाहीत, पण गर्भात त्यांचे कोंब येतात आणि विरतात. त्याची शेपटी मुशीसारखी वाटते, तरी ती आडवी असून वर-खाली हलते, तर मुशी आणि बांगडा यांची उभी असून डावी-उजवी हलते. माशासारखा आकार हा रकानाही बाद.

या पायरीवर मी स्वतः सपशेल घसरलो आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मुलांसाठी केलेल्या तक्त्यात ‘पाय नाहीत’ असा रकाना घातला होता, आणि साप, देवगांडूळ आणि वाम हे तिघे सख्खे भाऊ ठरले. देवगांडूळ उभयचर, म्हणजे बेडकांच्या बाजूचा. वाम हा मासा. साप सरड्यांच्या घराण्यातला. तिघांना जोडणारी गोष्ट एकच, ती म्हणजे नसणे. वामेच्या पूर्वजांना पाय कधी नव्हतेच, आणि बाकी दोघांनी ते वेगवेगळ्या वेळी गमावले. तेव्हापासून ‘नाही’ने सुरू होणाऱ्या कुठल्याही गुणधर्माकडे मी संशयाने पाहतो. जो गुण नाही तो कधी नव्हता की हरवला, हे कळल्याशिवाय त्याला रकाना देऊ नये.

गर्भ आणि डिंभ, म्हणजे अंड्यातून निघालेले वेगळ्या रूपाचे पिल्लू, पाहण्याचे महत्त्व सांगणारे सर्वांत चांगले उदाहरण ओहोटीच्या वेळी आपल्या पायाखालीच असते. खडकाला घट्ट चिकटलेली, अनवाणी पाय टेकला तर कापणारी ती पांढरी टोकदार कवचे म्हणजे बार्नेकल. कालवांशेजारी कालवांसारखेच बसलेले असल्यामुळे जॉर्ज क्युव्हिए यांच्यासारख्या दिग्गजानेही त्यांना मृदुकाय प्राण्यांत धरले होते. १८३० मध्ये जॉन व्हॉन थॉम्पसन यांनी त्यांची पिल्ले पाण्यात पोहताना आणि पुढे खडकाला चिकटून रूप बदलताना पाहिली, तेव्हा ती हुबेहूब कवचधारी वर्गातली, म्हणजे कोळंबी आणि खेकड्यांच्या गोतावळ्यातली निघाली. डार्विन यांनी नंतर १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षे या एकाच गटावर घालवली. प्रौढ प्राण्याचे कवच पाहून कालवाशी जोडलेले नाते पिल्लाने एका फटक्यात मोडले. म्हणून जिथे शक्य असेल तिथे प्राण्याचा संपूर्ण जीवनक्रम पाहावा.

चौथी पायरी: जुना गुण आणि नवा गुण

आता प्रत्येक गुणधर्माची कोणती स्थिती जुनी आणि कोणती नवी, हे ठरवायचे. त्यासाठी बाह्यगट घेतात, म्हणजे आपल्या गटाबाहेरचा, पण फार दूरचाही नसलेला एक नातेवाईक. इथे ते काम मुशीकडे आहे. जी स्थिती मुशीत दिसते ती सर्वसाधारणपणे जुनी मानायची आणि तिला शून्य द्यायचे. बदललेल्या स्थितीला एक द्यायचा. एकाच बाह्यगटावर विसंबणे धोक्याचे असते, कारण बाह्यगटही लाखो वर्षांत बदललेला असतो, तेव्हा प्रत्यक्ष संशोधनात दोन-तीन घेतात.

‘जुने’ हा शब्द नेहमी कोणत्या गटाच्या संदर्भात बोलतो आहोत त्यावर ठरतो. पाच बोटे घोरपडीला आहेत, वटवाघळाला आहेत, आपल्याला आहेत. घोड्याला एकच उरले आहे. म्हणून वटवाघूळ घोड्यापेक्षा घोरपडीला जवळचे ठरत नाही, कारण पाच बोटे ही त्या सर्वांच्या जुन्या पूर्वजाची ठेव आहे आणि घोड्याने ती नंतर खर्च केली. घोरपड आणि मगर यांना एकत्र बांधणारे ‘थंड रक्त’ याच जातीचे साम्य आहे. ते बेडकात आहे, बांगड्यात आहे, मुशीत आहे. शाळेत शिकवला जाणारा ‘सरपटणारे प्राणी’ हा वर्ग बराचसा या जुन्या साम्यावर उभा होता.

पाचवी पायरी: तक्ता

दहा गुणधर्म असे: (१) बोटांचे चार पाय, (२) गर्भाभोवती पाण्याची पिशवी, म्हणजे उल्ब, (३) केस आणि दूध, यांत डॉल्फिनही बसतो, कारण त्याच्या पिल्लाच्या तोंडावर जन्मतः थोडे केस असतात, (४) मध्यकर्णात तीन हाडे, (५) खवल्यांत किंवा पिसांत बीटा प्रकारचे केराटिन हे कडक प्रथिन, (६) कवटीत डोळ्यामागे दोन खिडक्या, म्हणजे हाडातली भोके, मग त्या पुढे बदलल्या असल्या तरी, (७) अन्न भरडणारा स्नायूंचा पेटा, (८) घरट्यातील अंड्यांची राखण, (९) चार कप्प्यांचे हृदय, (१०) उष्ण रक्त.

| प्राणी | १ | २ | ३ | ४ | ५ | ६ | ७ | ८ | ९ | १० |
|---|---|---|---|---|---|---|---|---|---|---|
| मुशी | ० | ० | ० | ० | ० | ० | ० | ? | ० | ० |
| बांगडा | ० | ० | ० | ० | ० | ० | ० | ० | ० | ० |
| बेडूक | १ | ० | ० | ० | ० | ० | ० | ० | ० | ० |
| घोरपड | १ | १ | ० | ० | १ | १ | ० | ० | ० | ० |
| मगर | १ | १ | ० | ० | १ | १ | १ | १ | १ | ० |
| घार | १ | १ | ० | ० | १ | १ | १ | १ | १ | १ |
| डॉल्फिन | १ | १ | १ | १ | ० | ० | ० | ? | १ | १ |
| वटवाघूळ | १ | १ | १ | १ | ० | ० | ० | ? | १ | १ |

आठव्या रकान्यातील प्रश्नचिन्हे मुद्दाम आहेत. जो प्राणी अंडी घालत नाही त्याला अंड्यांच्या राखणीबद्दल शून्य देणे हा अन्याय आहे. प्रश्नच लागू होत नाही, आणि अनेक मुशी पिल्लांनाच जन्म देतात. पेट्याबद्दलही सांगायचे तर खाडीतल्या बोय माशाच्या पोटातही कोंबडीच्या पेट्यासारखा जाड स्नायूंचा भाग सापडतो. तो मात्र त्याच्या घराण्यात स्वतंत्रपणे आला आहे. पाटलांचे आडनाव पुन्हा आठवावे.

सहावी पायरी: झाड काढणे आणि बदल मोजणे

मुशीला बाहेर ठेवून उरलेल्या सात प्राण्यांची दुभागणारी झाडे, म्हणजे प्रत्येक सांध्यावर दोन फांद्या फुटणाऱ्या वंशावळी, किती काढता येतील? उत्तर १०,३९५. दहा प्राणी घेतले तर हा आकडा ३,४४,५९,४२५ होतो. म्हणून मोठ्या अभ्यासात संगणकाशिवाय गत्यंतर नसते. आपण मात्र ज्या दोन झाडांविषयी खरा वाद आहे तेवढीच मोजू.

बांगडा आधी फुटला, मग बेडूक, एवढे दोन्ही झाडांत समान आहे. पुढे पहिल्या झाडात दोन फांद्या आहेत: एकीवर डॉल्फिन आणि वटवाघूळ, दुसरीवर घोरपड, आणि तिच्या पुढे मगर व घार जोडीने. दुसऱ्या झाडात घोरपड आधी फुटते, मग मगर, आणि घार डॉल्फिन-वटवाघळाच्या जोडीला जाऊन बसते. आता प्रत्येक रकान्यासाठी विचारायचे, हा नमुना या झाडावर घडवून आणायला कमीत कमी किती वेळा बदल व्हावा लागेल? फांदीवर पेन्सिलने आडवी रेघ मारायची, ती एक बदल. सगळ्या रेघांची बेरीज ज्या झाडावर सर्वांत कमी, ते झाड स्वीकारायचे. याला काटकसरीचे तत्त्व म्हणतात. निसर्ग काटकसरी आहे असा त्याचा अर्थ नाही. पुराव्याशिवाय जादा योगायोग गृहीत धरू नयेत, एवढाच अर्थ आहे.

पहिल्या झाडावर एक ते आठ या रकान्यांना प्रत्येकी एक रेघ पुरते. चार कप्प्यांचे हृदय दोनदा यावे लागते, उष्ण रक्तही दोनदा. बेरीज १२. दुसऱ्या झाडावर हृदय आणि उष्ण रक्त एकेका रेघेत सुटतात, पण केराटिन, कवटीच्या खिडक्या आणि पेटा हे तिन्ही येऊन पुन्हा जावे लागतात, म्हणून त्यांना दोन-दोन. बेरीज १३.

बारा विरुद्ध तेरा. इथे विद्यार्थी पेन्सिल खाली ठेवतात आणि ‘झाले’ म्हणतात. मला मात्र एका रेघेच्या फरकावर घारीचे सारे कूळ बदलायला संकोच वाटतो. अशा वेळी नवे गुणधर्म धुंडाळण्याआधी भांडणारे रकाने पुन्हा उघडून पाहावेत.

हृदयाकडे परत जाऊ. चार कप्पे मगर, घार, डॉल्फिन आणि वटवाघूळ या चौघांत आहेत, पण त्यांतून निघणारी महाधमनी कुठे वळते? घारीत ती उजवीकडे वळते. डॉल्फिन, वटवाघूळ आणि आपण, सर्व सस्तनांत डावीकडे. मगरीला दोन्ही बाजूंच्या कमानी आहेत, पण डाव्या जवनिकेतून, म्हणजे हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यातून, शुद्ध रक्त घेऊन निघणारी कमान घारीप्रमाणेच उजवी आहे. म्हणजे आपण ‘चार कप्पे’ या एका नावाखाली दोन वेगवेगळी बांधकामे एकत्र टाकली होती. नववा रकाना फोडून त्याचे दोन करावे लागतात: मगर-घारीचे हृदय आणि डॉल्फिन-वटवाघळाचे हृदय. पुन्हा मोजल्यावर पहिल्या झाडाची बेरीज बाराच राहते. दुसऱ्या झाडावर मगर-घारीच्या हृदयाला दोन रेघा आणि सस्तनांच्या हृदयाला एक लागून ती १५ होते. तिसऱ्या पायरीवर हृदयाची नळी कुठे वळते ते पाहिले असते, तर ही दुसरी मोजणी टळली असती. उष्ण रक्ताबाबतही तोच संशय येतो, कारण ऊब धरून ठेवायला एकाकडे पिसे आहेत आणि दुसऱ्याकडे केस.

गुणधर्म कधीकधी फांदीवरून खालीही सरकतो. पक्ष्यांच्या फुप्फुसात हवा एकाच दिशेने वाहते. तशीच ती मगरीच्या घराण्यातल्या ॲलिगेटरमध्येही वाहते असे २०१० मध्ये दिसले, आणि मगर-पक्षी नात्याचा तो आणखी एक पुरावा म्हणून गाजला. २०१४ मध्ये घोरपडीच्या एका आफ्रिकी नातेवाइकातही ती तशी वाहताना आढळली. नाते तुटले नाही, पण तो गुण मगर-घार जोडीचा खास राहिला नाही. तो बहुधा त्याहून जुन्या पूर्वजाचा असावा.

सातवी पायरी: डीएनएची साक्ष

डीएनए हाही गुणधर्मांचाच तक्ता आहे, फक्त रकाने हजारो आणि शून्य-एकच्या जागी चार अक्षरे. प्रत्येक प्राण्याचा तोच जनुक घेऊन अक्षरांखाली अक्षरे जुळवायची, मधे अक्षरे गळली असतील तिथे जागा सोडायची आणि मग झाड शोधायचे. जुळवणी चुकली तर पुढचे सगळे चुकते, म्हणून ती डोळ्यांखालून घालावी. अक्षरे फक्त चार असल्यामुळे योगायोगाने सारखी होण्याची शक्यता मोठी असते, आणि वेगाने बदलणाऱ्या दोन वंशांना नुसती काटकसर खोटेच शेजारी बसवते. त्यासाठी बदलांची संभाव्यता हिशेबात धरणाऱ्या पद्धती वापरतात. झाडाच्या एखाद्या फांदीवर किती भरवसा ठेवावा हे पाहण्याची युक्ती जोसेफ फेल्झेनस्टाइन यांनी १९८५ मध्ये वंशावळीत आणली. रकान्यांच्या चिठ्ठ्या करून त्यांतून एक उचलायची, नोंदवायची आणि परत टाकायची. असे करत तेवढ्याच रकान्यांचा नवा तक्ता बनवायचा, आणि हे हजार वेळा करून ती फांदी किती वेळा उमटते ते मोजायचे.

अक्षरांपेक्षाही बोलका पुरावा काही वेळा मिळतो, आणि तो आपल्या डॉल्फिनबद्दल आहे. डीएनएचे काही तुकडे स्वतःची प्रत काढून ती जनुकसंचात कुठेतरी घुसवतात. दोन प्राण्यांत तोच तुकडा नेमक्या त्याच जागी सापडणे हा योगायोग असणे जवळपास अशक्य, आणि एकदा घुसलेला तुकडा सहसा स्वच्छ बाहेर पडत नाही. जपानी संशोधकांनी १९९९ मध्ये असे तुकडे वापरून देवमासे आणि डॉल्फिन यांचा सर्वांत जवळचा जिवंत नातेवाईक पाणघोडा असल्याचे दाखवले. जीवाश्मांची साक्ष लगेच जुळली: २००१ मध्ये पाकिस्तानात सापडलेल्या चार पायांच्या प्राचीन देवमाशांच्या घोट्याचे हाड दोन्ही टोकांना कप्पीसारखे निघाले, जसे गाय, बकरी आणि हरणात असते. २००७ मध्ये जम्मू-काश्मीरमधील कालाकोट भागातल्या इंडोह्यूस या मांजराएवढ्या, सुमारे ४.८ कोटी वर्षांपूर्वीच्या खुरी प्राण्याच्या कानाच्या हाडात देवमाशांची खूण ओळखली गेली. गुहागरच्या किनाऱ्यावर संध्याकाळी फिरणारी गाय आणि पलीकडे पाण्यातून पाठ दाखवणारा डॉल्फिन हे एकमेकांना जितके जवळ आहेत, तितका जवळ त्या गायीला घोडाही नाही.

आठवी पायरी: झाड वाचणे

झाड म्हणजे शिडी नव्हे. पाळण्यावर टांगलेल्या झुंबरासारखे ते कुठल्याही सांध्यावर फिरवता येते आणि नाते बदलत नाही. घार उजव्या टोकाला काढली म्हणून ती श्रेष्ठ ठरत नाही. दोघांतले अंतर टोकांवरून मोजायचे नाही. दोन्ही बोटे फांद्यांवरून खाली आणत जायचे आणि ती कुठे भेटतात ते पाहायचे. मगर आणि घार यांची बोटे आधी भेटतात. मगर आणि घोरपड यांची त्याच्याही खाली. टोकावरचा कोणीही दुसऱ्या टोकावरच्याचा पूर्वज नसतो. बांगडा आपला आजोबा नाही, फार दूरचा चुलतभाऊ आहे.

गट खरा की सोयीचा, हे तपासायला कात्री पुरते. झाडाला एकाच ठिकाणी कात्री लावून पूर्ण गट हातात आला तर तो खरा. उल्बधारी येतात, सस्तन येतात, मगर आणि पक्षी एकत्र येतात. ‘मासे’ येत नाहीत, कारण मुशी आणि बांगडा दोघे हाती घ्यायचे तर बेडकापासून वटवाघळापर्यंत सगळी फांदी सोबत येते. ‘सरपटणारे’ हवे असतील तर घारीला बाहेर ठेवण्यासाठी दुसऱ्यांदा कात्री चालवावी लागते. बाजारात आणि बोलण्यात हे शब्द जरूर वापरावेत. वंशावळीत वापरू नयेत.

आता नववा प्राणी तुमच्यासाठी. वेळासच्या वाळूत घरटे करणारे ऑलिव्ह रिडले कासव तक्त्यात घाला. चार पाय, उल्ब, बीटा केराटिन हे सोपे आहे. सहाव्या रकान्यात अडाल, कारण कासवाच्या कवटीत डोळ्यामागे एकही खिडकी नसते. शून्य भरले, तर ते घोरपडीच्याही आधी फुटते, आणि दीर्घकाळ तज्ज्ञांनी त्याला तसेच जुन्यात जुने मानले होते. जनुकांच्या मोठ्या तुलनांनी २०१२ पासून ते मगर-घारीच्या बाजूला नेऊन ठेवले. मग २०१५ मध्ये जर्मनीतून सुमारे २४ कोटी वर्षांपूर्वीच्या पॅपोकेलिस या कासवाच्या पूर्वकुळातील प्राण्याचे वर्णन आले. त्याच्या कवटीत डोळ्यामागे दोन खिडक्या होत्या. कासवाला मगर-घारीशेजारी बसवा, सहाव्या रकान्यात खिडक्या बुजल्याची एक रेघ त्याच्या फांदीवर मारा आणि बेरीज पुन्हा करा.